कीटकभक्षी वनस्पतींचे जोपासक आणि नोंदीचे मोल

खत घातले की झाड मरते, विहिरीचे क्षारयुक्त पाणी दिले की मुळे खराब होतात आणि कुंडीतील माध्यम जितके निकस तितकी वाढ चांगली, असे कोणी सांगितले तर अनुभवी शेतकऱ्याला ती थट्टा वाटेल. कीटकभक्षी वनस्पती जोपासणाऱ्यांच्या जगात मात्र हाच पहिला धडा असतो. नत्र आणि स्फुरद यांची वानवा असलेल्या दलदलीत, ओलसर माळावर किंवा खडकाळ उतारावर या वनस्पती वाढतात. जमीन जे देत नाही ते त्या सापळ्यासारख्या पानांत अडकलेल्या कीटकांपासून मिळवतात. त्यांना पावसाचे किंवा क्षार काढून टाकलेले पाणीच मानवते. महाराष्ट्राला त्या अनोळखी नाहीत. साताऱ्याजवळच्या कास पठारावर पावसाळ्यात दिसणारे दवबिंदू आणि सीतेची आसवे या दोन्ही वनस्पती कीटकभक्षीच आहेत.

या वनस्पतींची आवड असलेल्यांचा एक जगभर पसरलेला समुदाय आहे. अमेरिकेत १९७२ मध्ये डॉन श्नेल आणि जो मॅझ्रिमस यांच्या पुढाकाराने ‘इंटरनॅशनल कार्निव्होरस प्लांट सोसायटी’ सुरू झाली. तिचे वार्तापत्र त्याच वर्षापासून निघते. ब्रिटनमधील अशीच संस्था १९७८ ची आहे. सभासदांत वनस्पतिशास्त्रज्ञ थोडे आणि घराच्या खिडकीत, गच्चीवर किंवा लहानशा हरितगृहात झाडे वाढवणारे हौशी लोक अधिक. पीक-उत्पादनाशी त्यांचा संबंध नाही. तरीही त्यांच्या पन्नासहून अधिक वर्षांच्या अनुभवात कृषी विस्तार क्षेत्राने गांभीर्याने पाहावे असे बरेच काही आहे. दुर्मीळ वनस्पतीला लागवडीत आणल्याने ती वाचते की नामशेष होण्याच्या वाटेला लागते, या प्रश्नाची दोन्ही उत्तरे याच समुदायाच्या इतिहासात सापडतात.

आधी काळी बाजू पाहू. बोर्निओ बेटाच्या पश्चिम कालिमंतान भागात केलाम नावाचा ग्रॅनाइटचा प्रचंड डोंगर आहे. ‘नेपेन्थिस क्लिपियाटा’ ही घटपर्णी नैसर्गिक अवस्थेत केवळ त्याच डोंगराच्या कड्यांवर आढळते. ती दुर्मीळ आहे म्हणून संग्राहकांनी तिची मागणी केली, मागणी होती म्हणून ती कड्यांवरून उपटली गेली आणि उपटली गेल्याने ती आणखी दुर्मीळ झाली. आज ती अतिसंकटग्रस्त गणली जाते. अमेरिकेतील ‘व्हीनस फ्लायट्रॅप’ या वनस्पतीचा मूळ टापूही लहान आहे. उत्तर व दक्षिण कॅरोलायना राज्यांत, विल्मिंग्टन शहराभोवतीच्या शे-दीडशे किलोमीटरच्या पट्ट्यातच ती निसर्गतः वाढते. तेथील चोरी इतकी वाढली की उत्तर कॅरोलायनाने डिसेंबर २०१४ पासून ती गंभीर फौजदारी गुन्हा ठरवली. झाडावर प्रेम करणाऱ्यांच्या हौसेनेच झाडाचा घात केला, हे नाकारता येत नाही.

दुसरी बाजू त्याच हौसेतून उभी राहिली. घटपर्णीत पपईप्रमाणे नर आणि मादी झाडे वेगवेगळी असतात. एखाद्याकडे फक्त मादी झाड असेल तर कितीही काळजी घेतली तरी त्याला बी मिळणार नाही. दोन झाडे असली तरी ती एकाच वेळी फुलतील याची खात्री नसते. म्हणून जोपासक परागकण शीतपेटीत साठवतात आणि टपालाने एकमेकांना पाठवतात. या वनस्पतीचे बी फार काळ टिकत नाही. ते वेळेत पेरणाऱ्याच्या हाती पोहोचले तरच उपयोग. सहकार्य ही येथे केवळ सद्भावना नाही, ती वनस्पतीच्या जीवशास्त्राने घातलेली अट आहे. सभासदांनी दिलेले बी जमा करून ते अल्प शुल्कात इतर सभासदांना पुरवणारी बियाणे पेढी या संस्थेने त्यासाठीच चालवली. क्लिपियाटाची लागवडीत उरलेली झाडे कोणाकोणाकडे आहेत हे नोंदवून त्यांच्यात परागीकरण घडवण्याचा प्रकल्पही तिने हाती घेतला आहे.

व्हीनस फ्लायट्रॅपच्या बाबतीत ऊतीसंवर्धनाने मोठा फरक पडला. आज बाजारात मिळणारी बहुतांश रोपे प्रयोगशाळेत व रोपवाटिकेत तयार होतात. एका निरोगी रोपापासून हजारो रोपे मिळत असतील तर दलदलीत उतरून चोरी करण्याचा मोह कमी होतो. चोरी पूर्णपणे थांबली नाही, परंतु कायदेशीर मार्गाने स्वस्त रोप मिळू लागल्यावर प्रामाणिक ग्राहकाला चोरीच्या मालाकडे वळण्याचे कारण उरले नाही. बंदी आवश्यक आहे, पण पर्यायी पुरवठ्याशिवाय ती अपुरी पडते, एवढे यातून स्पष्ट होते.

मात्र या यशाच्या मुळाशी ऊतीसंवर्धनापेक्षाही साधी एक गोष्ट आहे, ती म्हणजे कुंडीत खोचलेली चिठ्ठी. जाणत्या जोपासकाच्या चिठ्ठीवर जातीचे नाव, मूळ स्थान, बी किंवा कलम कोणाकडून व केव्हा मिळाले, हे सारे लिहिलेले असते. लागवडीत निवडलेल्या नव्या वाणांची नावे नोंदवण्याचे कामही हीच संस्था आंतरराष्ट्रीय पातळीवर करते. त्यासाठी वाणाचे वर्णन आणि प्रमाण छायाचित्र प्रसिद्ध करावे लागते. चिठ्ठी हरवलेले झाड दिसायला कितीही देखणे असले तरी संवर्धनाच्या दृष्टीने त्याचे मोल फारसे राहत नाही. ते शुद्ध जातीचे की संकरित, कोणत्या डोंगरावरचे, रोपवाटिकेतले की चोरीचे, यांपैकी कशाचेही उत्तर ते देऊ शकत नाही.

लागवड म्हणजेच संवर्धन, असे समजण्याचीही चूक होऊ नये. अमेरिकेच्या आग्नेय भागातील सारासेनिया या वनस्पतींचे अधिवास निचऱ्याचे चर खोदल्याने आणि अधूनमधून लागणारे नैसर्गिक वणवे रोखल्याने नष्ट होत गेले. कुंडीतील झाडे कितीही वाढली तरी ती दलदल त्यामुळे परत येत नाही. उलट उदाहरण आयर्लंडचे आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी तेथील दलदलीत हौसेने लावलेली ‘सारासेनिया पुर्पुरिया’ पसरत गेली आणि आज तेथे ती उपद्रवी परकी वनस्पती मानली जाते. कुंडीतील झाड स्वतःच्या मर्जीने रानात सोडणे हे संवर्धन नव्हे.

भारताला हा विषय दूरचा वाटू नये. ‘नेपेन्थिस खासियाना’ ही भारतातील एकमेव घटपर्णी मेघालयाच्या गारो, खासी आणि जैंतिया टेकड्यांत आढळते. गारो भाषेत तिला मेमांग-कोक्सी, म्हणजे भुताची टोपली, म्हणतात. कोळशाच्या खाणी, झूम शेतीचे आखूड झालेले चक्र, वणवे आणि विक्रीसाठी होणारी उपटणी यांमुळे ती धोक्यात आली. दक्षिण गारो हिल्समधील बाघमारा येथे तिच्यासाठी राखलेले अभयारण्य तीन हेक्टरांहूनही लहान आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूचीत तिचा समावेश आहे आणि साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात ती असल्याने रानातून काढलेल्या झाडांचा देशोदेशींमधील व्यापार निषिद्ध आहे.

येथे एक विसंगती आहे. हीच खासियाना एकोणिसाव्या शतकापासून युरोपातील हरितगृहांत वाढते आहे आणि आज परदेशातील अनेक हौशी लोकांच्या संग्रहात सहज दिसते. भारतीय शास्त्रज्ञांनीही तिच्या ऊतीसंवर्धनाच्या पद्धती १९९० च्या दशकातच प्रसिद्ध केल्या. तंत्र हाताशी आहे. तरीही ज्या गावांच्या शिवारात ती मूळची वाढते, तेथील कुटुंबांना तिच्या कायदेशीर लागवडीतून म्हणावे तसे उत्पन्न मिळू शकलेले नाही. १९९१ मध्ये अधिनियमात जोडलेल्या तरतुदींनुसार अशा वनस्पतीची लागवड वा विक्री परवान्याशिवाय करता येत नाही. याचा दुसरा अर्थ असा की, परवान्याने ती करता येते. कायद्याने ठेवलेली ही वाट लहान उत्पादकाला चालण्याजोगी करणे, हे वनविभाग, संशोधन संस्था आणि विस्तार यंत्रणा यांचे संयुक्त काम आहे. मातृवृक्षांची नोंद, ठरलेल्या प्रयोगशाळेतून रोपे, प्रत्येक रोपाला क्रमांक आणि विक्रीची वही, एवढी शिस्त पाळली तर गावातील माणूस वनस्पतीचा राखणदार होईल. ती नसेल तर परवान्याआड रानातील माल खपवला जाण्याची भीती रास्तच आहे.

हाच विचार घटपर्णीपलीकडेही लागू पडतो. औषधी वनस्पती, रानातील ऑर्किड, कंदवर्गीय रानभाज्या यांना आज शहरांत मागणी आहे आणि प्रगतशील शेतकरी त्यांच्याकडे पूरक उत्पन्न म्हणून पाहू लागले आहेत. अशा वेळी विस्तार कार्यकर्त्याने दोन प्रश्न आवर्जून विचारावेत: मातृरोप कोठून आले आणि त्याची नोंद कोठे आहे? उत्तर समाधानकारक नसेल तर ती लागवड कितीही किफायतशीर दिसली तरी तिची शिफारस करू नये. गावाची लोकजैवविविधता नोंदवही आणि रोपवाटिकेची आवक-जावक वही यांची सांगड घातली तर हे काम फारसा खर्च न वाढवता सुरू करता येईल. अकोले तालुक्यातील राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाणांचे बी जपून, वाढवून आणि वाटून जे दाखवून दिले, त्याच मार्गावरचे हे पुढचे पाऊल ठरेल.

जगभरच्या या जोपासकांनी निसर्गाचे नुकसानही केले आणि वनस्पती वाचवण्यालाही हातभार लावला. दोहोंतील फरक झाडाच्या मुळाशी खोचलेल्या चिठ्ठीचा होता. भारतातील रोपवाटिकांत दुर्मीळ वनस्पती येणारच आहेत. त्या चिठ्ठीसह येतील की चिठ्ठीविना, हे विस्तार यंत्रणेने आज लावलेल्या शिस्तीवर अवलंबून राहील.