टायर कोणाचे, विजय कोणाचा?

मोटारींच्या शर्यतीचा निकाल लागला की आपण चालकाचे कौशल्य आणि इंजिनाची ताकद या दोनच गोष्टींची चर्चा करतो. वृत्तपत्रांचे मथळे चालकाच्या नावाने सजतात; विजयमंचावर त्याच्या आणि त्याच्या संघाच्या देशाचे राष्ट्रगीत वाजते. परंतु ताशी तीनशे किलोमीटरच्या वेगाने धावणाऱ्या या यंत्राचा जमिनीशी जो संबंध येतो, तो चार टायरांच्या तळाशी असलेल्या चार लहानशा पट्ट्यांपुरताच. इंजिनाचा जोर, ब्रेकचा दाब, वळणावर चालकाने दिलेली कलाटणी, हे सारे त्या पट्ट्यांमधूनच रस्त्यापर्यंत पोचते. तेथे पकड नसेल तर इंजिन कितीही बलवान असो आणि चालक कितीही निष्णात असो, त्यांचे काही चालत नाही. फॉर्म्युला वन या जगातील सर्वांत प्रतिष्ठित मोटारशर्यतींच्या इतिहासात टायरांनी बलाढ्य संघांचे भाग्य अनेकदा फिरविले आहे. प्रश्न असा की, ज्या वस्तूवर जयपराजय इतका अवलंबून आहे, तिच्याविषयीचा निर्णय कोणाच्या हाती असावा?

प्रथम या वस्तूचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. रबराचे मिश्रण मऊ असेल तर ते रस्त्याला घट्ट धरते आणि मोटार वेगाने वळते. पण ते लवकर झिजते. मिश्रण कठीण असेल तर टायर दीर्घकाळ टिकतो. पण पकड कमी मिळते. शिवाय हे रबर साधारण शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास तापले तरच नीट काम करते. त्याहून थंड राहिले तर मोटार घसरते. फार तापले तर पृष्ठभाग खराब होतो. म्हणजे जो टायर एका मोटारीला वरदान ठरतो, तोच दुसऱ्या मोटारीला शाप ठरू शकतो, कारण प्रत्येक मोटार आपल्या वजनाने आणि रचनेने टायरावर निराळा भार टाकते. टायर आणि मोटार यांचा संसार जुळणे ही अर्धी लढाई होय.

हा संसार मोडला म्हणजे काय होते, ते फेरारीने 2005 साली अनुभवले. आदल्या वर्षी, म्हणजे 2004 मध्ये, 18 शर्यतींपैकी 15 शर्यती या संघाने जिंकल्या होत्या. त्यातील 13 एकट्या मायकेल शूमाकरच्या होत्या. पुढील वर्षी 19 शर्यतींपैकी फेरारीने जिंकली ती एक, आणि तीही कशी, ते पुढे येईलच. संघाचे गुण 262 वरून 100 वर आले. चालक तोच, कारखाना तोच, पैशालाही तोटा नव्हता. बदलला होता तो नियम. पात्रताफेरी आणि संपूर्ण शर्यत टायरांच्या एकाच संचावर पुरी करावी, असे बंधन त्या वर्षी आले. तोवर फेरारी आणि तिचा पुरवठादार ब्रिजस्टोन यांनी थोडे अंतर अतिवेगाने कापायचे, थांबायचे आणि नवे टायर चढवायचे, या पद्धतीवर आपले तंत्र बेतले होते. प्रतिस्पर्धी मिशेलिनने तीनशे किलोमीटर टिकणारा टायर अधिक चांगला साधला आणि त्या वर्षीच्या 19 पैकी 18 शर्यती मिशेलिनच्या टायरांवर जिंकल्या गेल्या.

सारा दोष टायरांवर टाकणे अर्थातच योग्य नव्हे. त्या वर्षी मोटारींच्या वायुरचनेचे नियमही बदलले होते आणि फेरारीची नवी मोटार हंगामाच्या तिसऱ्या शर्यतीत उतरली. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण पराभूतांच्या तोंडी नेहमीच असते. परंतु या प्रकरणात अंगण खरोखरच वाकडे होते, असे मानण्यास आधार आहे. 2006 मध्ये टायर बदलण्याची मुभा परत मिळताच फेरारीने 18 पैकी 9 शर्यती जिंकल्या. त्या वर्षी इंजिनेही बदलली, हे ध्यानात घेऊनही एका वर्षाची ती घसरण आणि नंतरची उभारी केवळ योगायोग म्हणता येत नाही.

येथे एक सूक्ष्म मुद्दा आहे. ब्रिजस्टोनकडे मोठा संघ असा फेरारी हा एकटाच होता. सॉबर 2005 मध्ये मिशेलिनकडे गेला. उरले ते जॉर्डन आणि मिनार्डी हे दुबळे संघ. विजयाच्या काळात ही स्थिती फेरारीला लाभदायकच वाटली, कारण पुरवठादार आपला टायर तिच्याच मोटारीच्या मापाने घडवीत होता. पण अडचणीच्या काळात हेच लाभाचे साधन गळ्यातील धोंड ठरले. मिशेलिनला सात संघांच्या अनुभवाची माहिती मिळत होती. ब्रिजस्टोनला चाचण्यांसाठी मुख्यतः एकाच संघावर विसंबावे लागत होते. मक्तेदारीचे सुख आणि एकाकीपणाचे दुःख एकाच करारातून आले.

पुरवठादारांच्या या युद्धाचा कळस 19 जून 2005 रोजी अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे झाला. तेथील तेराव्या वळणावर ट्रॅक एका बाजूला उतरता आहे आणि मोटारी पूर्ण वेगात त्यावरून जातात. सरावाच्या वेळी तेथेच टोयोटाच्या राल्फ शूमाकरचा टायर निकामी होऊन मोटार भिंतीवर आदळली. मिशेलिनने तपास करून आपल्या सातही संघांना कळविले की, या वळणावर वेग कमी होईल अशी व्यवस्था झाल्याविना आमचे टायर शर्यतभर सुरक्षित राहतील याची हमी आम्ही देऊ शकत नाही. तेथे नागमोडी अडथळा उभारावा, अशी सूचना पुढे आली. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाने ती फेटाळली. ज्यांनी योग्य टायर आणले, त्यांनी इतरांच्या चुकीसाठी शेवटच्या क्षणी बदललेल्या मार्गावर का धावावे, हा महासंघाचा युक्तिवाद होता. तो तर्काला धरून होता, हे मान्य केले पाहिजे. पण चालकांच्या जिवाशी खेळणार नाही, ही मिशेलिनची भूमिकाही तितकीच रास्त होती.

दोन रास्त भूमिकांच्या कात्रीत शर्यतीचा बळी गेला. सुरुवातीची संथ फेरी पूर्ण होताच 20 पैकी 14 मोटारी आत वळल्या. उरलेल्या सहा मोटारींनी रिकाम्या ट्रॅकवर 73 फेऱ्या मारल्या. शूमाकर पहिला आणि फेरारीचाच बॅरिकेलो दुसरा आला. त्या वर्षीचा फेरारीचा एकमेव विजय तो हाच. तिसरा आला जॉर्डनचा टियागो माँटेरो आणि चौथा त्याच संघाचा आपला नारायण कार्तिकेयन. फॉर्म्युला वनमध्ये गुण मिळविणारा पहिला भारतीय म्हणून कार्तिकेयनची नोंद झाली ती या पाच गुणांमुळे. त्याच्या कारकिर्दीत गुण मिळाले ते एवढेच. ज्या टायरांवर तो धावत होता ते त्या दिवशी धावण्यायोग्य होते आणि त्याने शर्यत पूर्ण केली, यात त्याचे काहीच चुकले नाही. तरीही त्या यशाचा उल्लेख करताना आपल्यालाही मोकळेपणाने छाती फुगविता येत नाही. गुणांमागील स्पर्धाच नाहीशी झाली की गुणांचे मोल उरत नाही, हे परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्या शिक्षकांना निराळे सांगायला नको.

त्या दिवशी चूक पुरवठादाराची होती. शिक्षा झाली ती संघांना, चालकांना आणि तिकिटे काढून आलेल्या प्रेक्षकांना. मिशेलिनने पुढे प्रेक्षकांना तिकिटांचे पैसे परत केले, ही गोष्ट तिला शोभणारी होती. पण पैशाने भरून न येणारे नुकसान स्पर्धेच्या विश्वासार्हतेचे झाले होते.

2006 अखेर मिशेलिन बाहेर पडली. 2007 पासून ब्रिजस्टोन आणि 2011 पासून पिरेली, असा सर्वांना एकच पुरवठादार ठेवण्याची व्यवस्था आली. आता तरी सर्वांना समान न्याय मिळेल, अशी अपेक्षा स्वाभाविक होती. ती काही अंशी पुरी झालीही. परंतु टायराची सत्ता संपली नाही. तिचे सिंहासन तेवढे बदलले. शर्यती रंगतदार व्हाव्यात म्हणून लवकर झिजणारे टायर पिरेलीकडून मागविण्यात आले. 2012 च्या पहिल्या सात शर्यतींत सात निरनिराळे विजेते झाले. प्रेक्षक सुखावले, पण चालकाने आपल्या पूर्ण सामर्थ्याने मोटार चालवावी की रबर जपत सावकाश जावे, असा प्रश्नही उभा राहिला.

पुढील वर्षी हे प्रकरण हाताबाहेर गेले. 30 जून 2013 रोजी सिल्व्हरस्टोन येथे एकापाठोपाठ एक टायर भर वेगात फाटले. सुरक्षिततेसाठी हंगामाच्या मध्यातच टायरांची रचना बदलावी लागली. बदल आवश्यक होता, याबद्दल दुमत नाही. पण जुन्या टायरांशी ज्यांच्या मोटारी जुळल्या होत्या, त्यांचे गणित त्यामुळे कोलमडले. विजय मल्ल्या यांच्या मालकीचा फोर्स इंडिया हा संघ पूर्वार्धात मॅकलारेनसारख्या मातब्बरांच्या पुढे होता; हंगाम संपताना तो मागे पडला होता. दुसऱ्या बाजूस रेड बुलच्या सेबॅस्टियन वेटेलने बेल्जियमपासून पुढच्या नऊच्या नऊ शर्यती जिंकल्या. त्याच वर्षी मर्सिडीज संघाने चालू हंगामातील मोटारीसह पिरेलीची चाचणी केल्याचे उघड झाले आणि इतर संघांनी आक्षेप घेतल्यावर महासंघाच्या न्यायाधिकरणाने त्याला ताकीद दिली. पुरवठादार एक असला, तरी त्याच्याजवळची माहिती सर्वांना सारखीच मिळते असे नव्हे, हा त्यातील धडा.

मग संघाच्या हाती काही उरते का? उरते, आणि तेच जपले पाहिजे. कोरड्या शर्यतीसाठी कठीण, मध्यम आणि मऊ अशा तीन प्रतींचे टायर दिले जातात आणि त्यातील किमान दोन प्रती वापरणे सामान्यतः बंधनकारक असते. कोणते केव्हा चढवायचे, हे संघाने ठरवायचे. 12 डिसेंबर 2021 रोजी अबुधाबीला या निर्णयावर विश्वविजेतेपद फिरले. हॅमिल्टन आणि व्हर्स्टापेन त्या शर्यतीपूर्वी गुणांत बरोबरीला होते. अखेरच्या टप्प्यात अपघातामुळे सुरक्षा-मोटार आली. आघाडी गमावण्याच्या भीतीने हॅमिल्टन जुन्या कठीण टायरांवरच राहिला. व्हर्स्टापेनने नवे मऊ टायर चढविले. सुरक्षा-मोटार शेवटच्या फेरीपूर्वी आत घेण्यात आली आणि त्या एका फेरीत विजेतेपदाचा निकाल लागला. वाद झाला तो शर्यत पुन्हा सुरू करण्याच्या पद्धतीवर, आणि तो योग्यच होता. टायरांच्या निवडीबद्दल मात्र कोणाला तक्रार करण्यास जागा नव्हती; कारण दोघांपुढे ठेवलेले टायर एकाच भांडारातले होते.

यातून निष्कर्ष निघतो तो साधा आहे. टायरांची निवड हा स्पर्धेचा भाग असावा. टायरांचा करार हा स्पर्धेचा निकाल असू नये. पुरवठादारांच्या शर्यतीतून तंत्र पुढे जाते, हे खरे. 1977 मध्ये मिशेलिनने रेडियल टायर या शर्यतींत आणला तो अशाच चढाओढीतून. तथापि त्या प्रगतीची किंमत 2005 सारख्या वर्षी ज्यांचा काही दोष नाही त्यांना द्यावी लागते. म्हणून एक पुरवठादार ही व्यवस्था आजही अधिक न्याय्य वाटते. पण काही अटींवर. टायरांची रचना हंगामापूर्वी ठरावी आणि सुरक्षिततेचे कारण वगळता मध्येच बदलू नये. चाचण्यांची माहिती सर्व संघांना एकाच वेळी मिळावी. आणि प्रेक्षकांच्या करमणुकीसाठी टायर मुद्दाम दुबळे करण्याचा मोह आवरावा.

श्रीमंत देशांच्या या खर्चिक खेळाशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे तो न्यायाच्या तत्त्वाशी. धावणाऱ्याच्या पायाखालची जमीन सर्वांना सारखी मिळाली, तरच पुढे गेलेल्याचे कौतुक करण्यात अर्थ असतो. ती सारखी आहे की नाही, हे पाहण्याची जबाबदारी मात्र धावणाऱ्यांची नव्हे. स्पर्धा भरविणाऱ्यांची असते.