सीमा दलाला घरचा प्रमुख कधी?



सीमा सुरक्षा दलाला (बीएसएफ) १ डिसेंबर २०२५ रोजी साठ वर्षे पूर्ण झाली. आदल्याच दिवशी महासंचालक दलजितसिंग चौधरी निवृत्त झाले आणि दलाची सूत्रे भारत-तिबेट सीमा पोलिस दलाचे (आयटीबीपी) प्रमुख प्रवीण कुमार यांच्याकडे ‘अतिरिक्त कार्यभार’ म्हणून सोपवली गेली. आपल्या अंकात ही बातमी आतल्या पानावर चार ओळींत आली. त्यावर गुरुवारी एका वाचकाने लिहिले की, ही नेहमीची प्रशासकीय बाब आहे, तिचा एवढा बाऊ कशाला. शिवाय बीएसएफ पोलिस अधिकाऱ्यानेच उभे केले, तेव्हा प्रमुखही पोलिसातलाच असणे योग्य. हे पत्र वाचून मला फार वाईट वाटले.

आधी साधा हिशेब करू. पाकिस्तान आणि बांगलादेश मिळून बीएसएफकडे ६,३८६ किलोमीटर सीमा आहे. चीनलगतची ३,४८८ किलोमीटर आयटीबीपीकडे. बेरीज ९,८७४. देशाची एकूण भूसीमा १५,१०६ किलोमीटर आहे. म्हणजे जवळजवळ दोन तृतीयांश सीमेची जबाबदारी एका माणसाच्या टेबलावर आली. एकीकडे कच्छच्या रणापासून सुंदरबनापर्यंतचा पसारा, दुसरीकडे हिमालयातली बर्फातली ठाणी. प्रवीण कुमार यांच्या कर्तृत्वाबद्दल मला शंका नाही, पण दिवसाचे तास त्यांनाही चोवीसच आहेत. कारगिलनंतर ‘एक सीमा, एक दल’ हे धोरण आपण स्वीकारले, ते प्रत्येक सीमेकडे कुणाचे तरी पूर्ण लक्ष असावे म्हणून.

आणि हे पहिल्यांदा घडलेले नाही. डिसेंबर २०२२ अखेर पंकजकुमार सिंग निवृत्त झाले, तेव्हा आमच्याच मध्य प्रदेश केडरचे सुजॉय लाल थाओसेन केंद्रीय राखीव पोलिस दलाचे (सीआरपीएफ) महासंचालक होते. बीएसएफही त्यांच्याकडेच दिले गेले आणि जून २०२३ पर्यंत तसेच राहिले. मग नितीन अग्रवाल आले. ऑगस्ट २०२४ मध्ये त्यांना मुदतीआधीच केरळ केडरला परत पाठवले आणि सशस्त्र सीमा बलाच्या (एसएसबी) प्रमुखांकडे पुन्हा अतिरिक्त कार्यभार. आणि २०२५ मध्ये तिसऱ्यांदा. तीन वर्षांत तीनदा! निवृत्तीची तारीख तर वर्षानुवर्षे आधी कागदावर असते. ती उद्यावर येईपर्यंत उत्तराधिकारी ठरत नाही, कारण तो दलाबाहेरून शोधायचा असतो. घरातला प्रमुख असता तर हाताखालचा अधिकारी दुसऱ्या दिवशी सकाळी खुर्चीवर बसला असता.

आता ज्या पोलिस अधिकाऱ्याने बीएसएफ उभे केले, त्या रुस्तमजींबद्दल. खुसरो फरामर्झ रुस्तमजी नागपूरजवळच्या आपल्या कामठीचे. १९१६ मध्ये तिथे जन्म, १९३८ मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडच्या पोलिस सेवेत. १९५८ ते १९६५ ते आमच्या भोपाळात मध्य प्रदेश पोलिसांचे प्रमुख होते आणि चंबळच्या दरोडेखोरांशी त्यांनी झुंज दिली. जुने भोपाळकर त्यांचे नाव अजून आदराने घेतात, मीही घेतो. पण १९६५ ची परिस्थिती काय होती? एप्रिलमध्ये पाकिस्तानने कच्छमधल्या सरदार पोस्टवर हल्ला केला, तोवर पाकिस्तान सीमेवर राज्याराज्यांचे सशस्त्र पोलिस होते. प्रत्येक राज्याची शिस्त वेगळी, शस्त्रे वेगळी, हुकूम वेगळा. त्यांच्याच २५ बटालियन एकत्र करून दल उभे करायचे होते. दलाचा स्वतःचा एकही अधिकारी नव्हता, कारण दलच नव्हते! म्हणून पोलिसातला सर्वांत कर्तबगार माणूस निवडला गेला. आज बटालियन १९३ आहेत, माणसे अडीच लाखांहून अधिक. जो आधार पहिले पाऊल टाकताना दिला, तोच साठाव्या वर्षी दलावर लादायचा आणि वर त्यासाठी रुस्तमजींचे नाव घ्यायचे, हा त्यांच्यावर अन्याय आहे. दल स्वतःच्या पायावर उभे राहावे म्हणूनच त्यांनी ग्वाल्हेरजवळ टेकनपूरची अकादमी घडवली.

त्या टेकनपूरला मी स्वतः गेलो आहे, भाच्याच्या दीक्षान्त संचलनाला. यूपीएससीची परीक्षा देऊन आलेली ती मुले असिस्टंट कमांडंट झाली. खांद्यावरचे तारे लावायला आई-वडिलांना मैदानावर बोलावले होते. माझ्या बहिणीचे हात थरथरत होते, भाचा गुडघ्यात थोडा वाकून उभा राहिला. ती मुले तिथून थेट सीमेवरच्या चौक्यांवर गेली. ड्रोनचा आवाज रात्री कुठल्या दिशेने येतो, नदीने पात्र बदलले की कुंपणाची कोणती बाजू उघडी पडते, धुक्यात गस्त कशी बदलायची, हे ती तिथे शिकतील. पंजाब सीमेवर बीएसएफने २०२३ मध्ये १०७ ड्रोन पकडले, २०२४ मध्ये २९४. हे ज्ञान दिल्लीतल्या फायलीत मिळत नाही, पंचवीस-तीस वर्षे चौकी, कंपनी, बटालियन करत अंगात मुरते. आणि ते मुरले की त्या अधिकाऱ्याला सांगायचे, तुझी मजल इथवरच? आजवर बीएसएफच्या स्वतःच्या केडरमधला एकही अधिकारी महासंचालक झालेला नाही. एकही नाही. संसदेवरील हल्ल्याच्या सूत्रधारांपैकी एक असलेल्या गाझी बाबाला २००३ मध्ये श्रीनगरात संपवणाऱ्या पथकाचे नेतृत्व करणारे नरेंद्रनाथ धर दुबे बीएसएफचेच अधिकारी. अशी माणसे जिथे तयार होतात, तिथे नेतृत्व करायला माणूस मिळत नाही, हे मला पटत नाही.

राज्य पोलिसांशी समन्वय हवा, म्हणून आयपीएस हवेत, हा त्या पत्रातला दुसरा मुद्दा. तटरक्षक दलाकडे पाहा. त्याचेही पहिले प्रमुख बाहेरचे, नौदलातले होते, आणि पुढे अनेक वर्षे तेच चालले. २०१६ मध्ये राजेंद्र सिंग हे तटरक्षक दलाचे स्वतःचे पहिले महासंचालक झाले. त्यानंतर नेतृत्व घरातच राहिले. नौदलाशी त्यांचा समन्वय तुटला काय? कोकण किनारा उघडा पडला काय?

सर्वोच्च न्यायालयाने २३ मे २०२५ रोजी हेच मूळ दुखणे ओळखले. न्या. अभय ओक यांचा तो न्यायालयातला शेवटचा दिवस. त्यांनी आणि न्या. उज्जल भुयान यांनी सांगितले की केंद्रीय सशस्त्र दलांत महानिरीक्षक (आयजी) पदापर्यंत प्रतिनियुक्तीवरच्या आयपीएस अधिकाऱ्यांची संख्या दोन वर्षांत टप्प्याटप्प्याने कमी करा आणि सहा महिन्यांत केडरचा आढावा घ्या. सरकार पुनर्विचारासाठी गेले, ती याचिकाही ऑक्टोबरमध्ये फेटाळली गेली. सहा महिने नोव्हेंबरातच संपले. निकाल आयजीपर्यंतचाच आहे हे मला ठाऊक आहे, महासंचालकपद त्यात येत नाही. पण आयजीच्या हाती अख्खे फ्रंटियर असते, आणि तिथल्या निम्म्या जागा बाहेरच्यांसाठी राखीव असतील तर खालून वर येणार कोण?

जाता जाता आपल्या वृत्तपत्राबद्दलही. सीमेवर बीएसएफचा जवान पडला की मथळा असतो ‘लष्कराचा जवान शहीद’. मे २०२५ मध्ये आर. एस. पुऱ्यात उपनिरीक्षक मोहम्मद इम्तियाज धारातीर्थी पडले, ते लष्कराचे नव्हते, बीएसएफचे होते. नाव तरी त्यांच्या दलाचे द्या. १९६८ च्या कायद्यात या दलाला संघराज्याचे सशस्त्र दल म्हटले आहे. त्याच आधारावर दिल्ली उच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये त्यांना जुनी पेन्शन द्या म्हटले, तेव्हा सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि स्थगिती मिळाली. २००४ नंतर भरती झालेला लष्कराचा नियमित शिपाई जुन्या पेन्शनला पात्र आणि त्याच्यासारखाच गोळीबार झेलणारा बीएसएफचा शिपाई अपात्र. माझा भाचाही अपात्रांतलाच. त्याने कधी तक्रार केलेली नाही, मी करतो आहे.

 नागपूर आणि भोपाळ या दोन्ही शहरांचे रुस्तमजींशी नाते आहे. दोन्हीकडच्या खासदारांनी संसदेत गृहमंत्रालयाला विचारावे, महासंचालक नेमताना बीएसएफच्या स्वतःच्या किती अधिकाऱ्यांची नावे विचारात घेतली. उत्तर लेखी मागावे, आणि ते आपण पहिल्या पानावर छापावे.

एक निवृत्त शिक्षक,
तुळशीनगर, भोपाळ