विजेच्या गाड्या आणि सरकारची थैली



विजेवर चालणाऱ्या वाहनांसाठी सरकारने पैसा खर्च करावा की करू नये, हा वाद आता मागे पडला आहे. हा पैसा गेल्या दहा वर्षांहून अधिक काळ खर्च होतच आहे, आणि तो तुमच्या-आमच्या कराचाच पैसा आहे. तेव्हा विचार करावयाचा तो इतकाच की, हा खर्च योग्य खाती पडतो आहे काय? ज्याचे आयुष्य धान्याच्या घाऊक व्यापारात गेले आणि ज्याचे शिक्षण मॅट्रिकला थांबले, अशा माझ्यासारख्याने मोटारीच्या यंत्रावर भाष्य करणे ही अनधिकार चेष्टा होईल. परंतु जमाखर्च हा आपला पिढीजात विषय आहे, आणि त्या दृष्टीने पाहता माझे मत स्पष्ट आहे. गाडी विकत घेणाऱ्याच्या हातावर पैसे ठेवण्यापेक्षा ती गाडी जेथे चार्ज व्हावयाची ती सोय उभी करण्यात सरकारने आपली थैली मोकळी करावी. आणि ती सोय सर्वांत आधी पेठांत, बाजार-आवारांत व मालवाहतुकीच्या वाटांवर करावी.

प्रथम आजवरचा हिशेब पाहू. १ एप्रिल २०१५ रोजी केंद्र सरकारने ‘फेम’ नावाची योजना सुरू केली. तिचा दुसरा टप्पा १ एप्रिल २०१९ पासून १०,००० कोटी रुपयांच्या तरतुदीने आरंभला. पुढे ही रक्कम ११,५०० कोटींवर गेली आणि ३१ मार्च २०२४ रोजी तो टप्पा संपला. त्यानंतर काही महिने तात्पुरती योजना चालली आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून १०,९०० कोटींची ‘पीएम ई-ड्राइव्ह’ योजना आली. या रकमेपैकी बसगाड्यांसाठी ४,३९१ कोटी, ट्रकसाठी ५०० कोटी आणि सार्वजनिक चार्जिंगसाठी २,००० कोटी राखून ठेवले गेले. शिवाय १ ऑगस्ट २०१९ पासून या वाहनांवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणला गेला. सरकारने हात आखडता घेतला, असे कोणी म्हणू शकणार नाही.

या खर्चाचे फळ मिळाले नाही असेही नाही. दुसऱ्या टप्प्यात १६ लाखांहून अधिक वाहनांना साहाय्य मिळाले. नवा माल बाजारात आणताना आरंभी थोडी तोशीस सोसावी लागते, हे आपण जाणतो. परंतु नमुन्याचा माल किती दिवस वाटावयाचा, यालाही मर्यादा असते. दुचाकींवरील अनुदान जून २०२१ मध्ये बॅटरीच्या दर किलोवॅट-तासामागे १०,००० वरून १५,००० रुपये केले गेले. दोन वर्षांनी, जून २०२३ मध्ये, ते पुन्हा १०,००० वर आले आणि अनुदानाची कमाल मर्यादा किमतीच्या ४० टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर उतरली. परिणाम काय झाला? मे २०२३ मध्ये देशभर अशा एक लाखाहून अधिक दुचाकींची नोंदणी झाली होती. जूनमध्ये ती पन्नास हजारांच्याही आत आली. सूट उठताच जी मागणी निम्म्याने बसते ती मागणी उसनी होय. तिच्या भरवशावर कोणता शहाणा व्यापारी माल भरील?

मालवाहू तीनचाकींची कथा निराळी नाही. नव्या योजनेत त्यांना पहिल्या वर्षी गाडीमागे कमाल ५०,००० आणि दुसऱ्या वर्षी २५,००० रुपये ठरले. पैकी पहिल्या वर्षाचा गाड्यांचा वाटा वर्ष सरण्यापूर्वीच, नोव्हेंबर २०२४ मध्ये, संपला. ज्याने दिवाळीपूर्वी गाडी घेतली त्याला पूर्ण रक्कम, आणि ज्याने चार आठवडे पैसे जुळविण्यात घालविले त्याला निम्मी! त्यातच २२ सप्टेंबर २०२५ पासून डिझेल-पेट्रोलच्या तीनचाकी व ट्रक यांवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. तो योग्यच झाला. पण त्यामुळे करातील जे अंतर विजेच्या गाडीच्या पथ्यावर पडत होते, तेही कमी झाले. एका खिशात घालावयाचे आणि दुसऱ्यातून काढावयाचे, असा हा प्रकार आहे.

आता इतिहासाकडे वळू. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पेट्रोलवर नियंत्रण आले तेव्हा आपल्याकडे कोळशाच्या गॅसवर मोटारी धावत. पाठीमागे भट्टी बांधलेल्या त्या गाड्यांच्या गोष्टी आपल्यापैकी अनेकांनी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकल्या असतील. पेट्रोल पुन्हा मिळू लागताच त्या गाड्या नाहीशा झाल्या, कारण गरजेने आणलेली वस्तू हिशेबात बसली नाही. उलट दिल्लीचे उदाहरण पाहा. सर्वोच्च न्यायालयाने २८ जुलै १९९८ रोजी आदेश देऊन तेथील बसगाड्या सीएनजीवर आणावयास लावल्या. गाड्या बदलल्या, पण गॅस भरण्याची केंद्रे त्या मानाने वाढली नव्हती. म्हणून २००१ च्या सुमारास दिल्लीच्या रस्त्यांवर रिक्षा व बस यांच्या लांबच लांब रांगा लागल्या आणि रोजंदारीवर पोट भरणाऱ्या चालकांचे दिवसचे दिवस त्या रांगांत गेले. पुढे केंद्रे वाढली, रांगा ओसरल्या आणि सीएनजी तेथे कायमचा रुजला. आधी पाणवठा, मग गुरे, हा क्रम उलटला की हाल होतात.

तिसरे उदाहरण तर आपल्याच धंद्याच्या रीतीचे आहे. एलईडी दिवा सरकारी कंपनीने २०१४ च्या आरंभी सुमारे ३१० रुपयांना विकत घेतला. तोच दिवा २०१६ मध्ये ४० रुपयांच्या आत मिळू लागला. हे दान वाटून झाले नाही. कोट्यवधी दिव्यांची एकगठ्ठा मागणी नोंदवून, निविदा मागवून झाले. घाऊक खरेदीने भाव उतरतो, हे आपल्याला कोणी शिकवावयास नको.

आपल्या वाडवडिलांनी मालाच्या पोत्यामागे धर्मादाय काढला, तो कसा खर्च केला याचे स्मरण ठेवावे. त्यांनी कोणा एका वाटसरूला तांब्या घेऊन दिला नाही. त्यांनी वाटेवर विहीर खोदली, पाणपोई घातली, धर्मशाळा बांधली. तांब्या एकाचाच होतो आणि फुटला की संपतो. विहिरीवर मात्र श्रीमंताची घोडागाडी थांबते आणि हमालाचे पोरही पाणी पिते. सरकारी पैशालाही हाच न्याय लावला पाहिजे.

हे आमच्या बेळगावच्या पेठेला कसे लागू पडते ते सांगतो. कर्नाटक राज्याने विजेच्या वाहनांचे धोरण २०१७ मध्येच जाहीर केले. असे करणारे ते देशातील पहिले राज्य. २०२५ च्या मध्यास देशातील सार्वजनिक चार्जिंग केंद्रे २९,००० च्या वर गेली आणि त्यांत कर्नाटक अग्रभागी होते, ही अभिमानाची गोष्ट खरी. परंतु राज्यातील बहुतांश केंद्रे एकट्या बेंगळूरू नगर जिल्ह्यात एकवटली आहेत. जी केंद्रे महामार्गांवर व हॉटेलांच्या आवारात आहेत ती मुख्यतः प्रवासी मोटारींसाठी. महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणातही मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग व समृद्धी महामार्ग यांवरील पथकराची माफी आहे ती प्रवासी मोटारींना आणि बसगाड्यांना. मालाच्या गाडीला नाही. सीमेच्या अलीकडे काय नि पलीकडे काय, पोती वाहणाऱ्याचा विचार शेवटी होतो.

रविवार पेठेत दहा-बारा पोती घेऊन किरकोळ दुकानांना माल पोहोचविणारा एक टेम्पोवाला आमच्याकडे आहे. त्याने कर्ज काढून विजेची तीनचाकी घेतली. गाडीविषयी त्याची तक्रार नाही. तक्रार आहे ती ही की, दुपारी बॅटरी उतरली म्हणजे त्याला शहराच्या दुसऱ्या टोकाला घरी जावे लागते, आणि तेवढ्यात दोन खेपा हातच्या जातात. भाड्याच्या एका खोलीत राहणाऱ्या त्याच्या सोबत्यांना तर ही सोयही नाही. खिडकीतून वायर ओढून गल्लीत गाडी लावावी लागते, आणि घरमालकाची बोलणी खावी लागतात ती वेगळी.

त्याचा हिशेब मांडून पाहा. डिझेलची तीनचाकी लिटरमागे तीसएक किलोमीटर जाते. लिटरला नव्वदच्या आसपास रुपये धरले तर किलोमीटरला तीन रुपये पडतात. विजेची गाडी एका युनिटमागे आठ-दहा किलोमीटर जाते; घरच्या मीटरवर किलोमीटरला रुपयाच्या आत काम होते. दिवसाला साठ किलोमीटर फिरणाऱ्याची बचत सुमारे १२० रुपये. पण सार्वजनिक केंद्रावर युनिटला सतरा-अठरा रुपये मोजावे लागले तर किलोमीटरचा खर्च दोन रुपयांवर जातो आणि बचत निम्मी होते. रोजचे ६० रुपये असे गेले, तर सरकारने खरेदीच्या वेळी दिलेले २५,००० रुपये कामाचे सव्वाचारशे दिवस भरताच, म्हणजे दीड वर्षाच्या आतच, परत निघून गेले! गाडी मात्र पाच-सात वर्षे चालवावयाची आहे. यावरून अनुदान कोठे हवे, हे निराळे सांगावयास नको.

यात आणखी एक विसंगती आहे. चार्जिंग म्हणजे विजेची विक्री नव्हे, ती सेवा होय, असा खुलासा केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्ये केला. त्यामुळे परवान्याविना कोणालाही केंद्र उघडता येऊ लागले, हे उत्तम झाले. पण सेवा ठरली म्हणून तिच्यावर १८ टक्के जीएसटी बसतो. गाडीवर ५ टक्के आणि तिच्या रोजच्या खाद्यावर १८ टक्के! श्रीमंत मनुष्य आपल्या बंगल्यात गाडी चार्ज करतो, त्याला हा कर लागत नाही. तो लागतो ज्याला अंगण नाही त्याला. हा कर ५ टक्क्यांवर आणावा, अशी मागणी आपल्यासारख्या संघांनी एकमुखाने केली पाहिजे.

यावर कोणी म्हणेल, ‘गाड्या थोड्या असताना चार्जर उभे करून काय उपयोग? ते धूळ खात पडतील.’ ही शंका रास्त आहे. यंत्र बसविले, फीत कापली आणि सहा महिन्यांत ते बंद पडले, असे प्रकार या देशात नवे नाहीत. त्यावर उपाय दोन. एक असा की, जेथे गाड्या रोज ठरलेल्या वेळी येऊन थांबतात तेथेच केंद्र काढावे. बाजार-आवारासारखी दुसरी जागा यासाठी शोधून सापडणार नाही. दुसरा असा की, अनुदान यंत्र बसविल्याबरोबर सारे देऊ नये. काही भाग आरंभी आणि उरलेला तीन वर्षांत, प्रत्यक्ष किती युनिटे दिली गेली ते मीटर पाहून द्यावा. माल पोहोचल्यावर बिल चुकते करावे, हा आपला साधा नियम सरकारनेही पाळावा.

शिवाय आपल्या कामाची वेळ या गोष्टीला फार अनुकूल आहे. सप्टेंबर २०२४ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत सकाळी ९ ते दुपारी ४ या उन्हाच्या वेळी चार्जिंग केंद्रांना वीज स्वस्त आणि इतर वेळी महाग असावी, असे तत्त्व आहे. आपल्याकडे सकाळी सौदे होतात, पहिल्या खेपा जातात आणि दुपारी जेवणाच्या सुमारास टेम्पोवाले भाड्याची वाट पाहत सावलीत बसून असतात. नेमके तेच दोन तास स्वस्त विजेचे. ही सांगड घालणे आपल्या हाती आहे.

म्हणून सरकारकडे बोट दाखवून थांबणे आपल्याला शोभणार नाही. कृषि उत्पन्न बाजार समिती ही कायद्याने स्थापन झालेली संस्था आहे. तिच्यामार्फत राज्य सरकारकडे ‘पीएम ई-ड्राइव्ह’च्या चार्जिंग निधीतून मागणी नोंदवावी आणि हेस्कॉमकडे स्वतंत्र ट्रान्सफॉर्मरसाठी अर्ज द्यावा, यासाठी संघाने पुढाकार घ्यावा. जागा आवारातच, परंतु गोदामांपासून सुरक्षित अंतरावर असावी. बारदानाच्या ढिगाऱ्याशेजारी वायर लोंबकळत ठेवून गाडी चार्ज करणे म्हणजे साऱ्या पेठेच्या मुद्दलाशी खेळ आहे. विमा उतरविलेला असला तरी जळालेल्या धान्याबरोबर पतही जळते. अग्निशमनाची साधने, पक्की छपरी आणि जबाबदार माणूस, यांचा खर्च सभासदांनी वर्गणीतून करावा. आणि शेवटची गोष्ट म्हणजे, ज्या टेम्पोवाल्याने कर्ज काढून अशी गाडी घेतली आहे त्याला वर्षभराच्या ठरावीक खेपांची हमी द्यावी. सरकारच्या २५,००० रुपयांपेक्षा आपल्या शब्दाची किंमत त्याच्या बँकेत अधिक ठरेल.

ट्रकच्या बाबतीत घाई करू नये, असे माझे मत आहे. २०२५ च्या नियमांप्रमाणे सुमारे ५,६०० ट्रकांना प्रत्येकी कमाल ९ लाख ६० हजार रुपये द्यावयाचे ठरले, आणि त्यासाठी जुना ट्रक मोडीत काढल्याचा दाखला हवा. ज्याच्या विजेच्या ट्रकची किंमत डिझेलच्या ट्रकच्या दुप्पट-तिप्पट होते, त्या एका ट्रकच्या मालकाला एवढ्याने धीर यावयाचा नाही. चोर्ला घाटातून गोव्याला जाणारा माल आणखी काही वर्षे डिझेलवरच जाणार. परंतु पेठेतली आणि शहरातली वाहतूक आजच बदलू शकते, आणि तिचा धूर आपण, आपले हमाल आणि दुकानावर येणारी आपली मुले रोज छातीत भरून घेत आहेत.

खरेदीवरील अनुदाने येतील आणि जातील. दुचाकी व तीनचाकींच्या अनुदानाला मार्च २०२६ ची मुदत ऑगस्ट २०२५ मध्येच घालून दिली गेली होती. चार्जिंगची सोय मात्र एकदा उभी राहिली आणि नीट राखली, तर ती पुढच्या पिढीच्या कामी येईल. पुढील वार्षिक सभेपुढे या विषयाचा ठराव यावा आणि तो केवळ कागदावर न राहता त्याच सभेत जागा, रक्कम व माणसे निश्चित व्हावीत, एवढी विनंती सर्व सभासदांस करून हा लेख पुरा करतो.