निधी राज्याचा, हिशेब वस्तीचा

कॅलिफोर्नियातील माध्यमिक शाळा-जिल्ह्यांचा कारभार लोकनियुक्त मंडळे पाहतात. अंदाजपत्रक, अधीक्षकाची नेमणूक, शिक्षक संघटनेशी करार ही कामे त्यांचीच. पण पैसा? श्रीमंत वस्तीची शाळा श्रीमंत, ही व्यवस्था राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सेरानो खटल्यात (१९७१, १९७६) घटनाविरोधी ठरविली. १९७८ मध्ये मतदारांनीच मालमत्ताकरावर एक टक्क्याची मर्यादा घातली आणि निधीची मुख्य सूत्रे राज्याकडे गेली. २०१३ पासून गरीब विद्यार्थ्यांमागे जादा निधी मिळतो. त्याच्या विनियोगाच्या आराखड्यावर मंडळाला जाहीर सुनावणी घ्यावी लागते. समतेसाठी निधी राज्याने देणे युक्तच. परंतु त्या सुनावणीला कष्टकरी पालकच नसतील, तर गरिबाच्या नावे आलेला पैसा भलतीकडे वळण्यास कितीसा वेळ लागणार? कार्यकर्त्यांनी जागे राहावयाचे ते इथेच.