पन्नासपैकी किती?

बेल्जियमच्या पश्चिम टोकाला, पोपेरिंगेच्या आसपास, हॉप्सच्या वेलींचे मळे आहेत. त्याच भागातल्या वेस्टव्हलेटरन गावच्या सिंट-सिक्स्टस मठात साधू १८३९ पासून बिअर बनवतात. २००५ मध्ये जगभरच्या शौकिनांनी दिलेल्या गुणांत या मठाची गडद ‘१२’ अव्वल ठरली आणि एरवी शांत असलेल्या फाटकाबाहेर मोटारींच्या रांगा लागल्या. साठा संपला. साधूंनी उत्पादन मात्र वाढवले नाही. मठ चालण्यापुरतीच बिअर करायची, हा त्यांचा नेम आहे.

काही किलोमीटरवरच्या वाटू गावात सेंट बर्नार्डस ही ब्रुअरी आहे. १९४६ ते १९९२ या काळात ती परवाना घेऊन याच मठाची बिअर बनवत असे. मठातला ब्रूमास्टर तिथली कृती आणि यीस्ट घेऊन वाटूला आला होता. परवाना संपल्यावरही ब्रुअरीने ते यीस्ट जपले आणि ‘अब्ट १२’ स्वतःच्या नावाने विकली. मठात आज यीस्ट येते ते वेस्टमालेच्या दुसऱ्या मठातून. म्हणजे मूळ घरचे विरजण शेजारी राहिले आणि मूळ घराने आपले विरजण तिसऱ्याच घरून आणले. एकीत मद्यार्क १०.२ टक्के, दुसरीत १०. एकीसाठी मठाकडे आधी नोंदणी करावी लागते, दुसरी बेल्जियममधल्या दुकानात फळीवर मिळते. मग श्रेष्ठ कोणती?

याचे उत्तर द्यायला जिभेला शिस्त लागते. बिअरचे परीक्षक घडवणारी ‘बीजेसीपी’ ही संस्था १९८५ पासून अमेरिकेत काम करते. तिच्या गुणपत्रिकेत एकूण गुण ५०. वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडात जाणवणाऱ्या पोताला ५ आणि एकूण परिणामाला १०. रंगरूपाला जेमतेम ३ आणि निव्वळ वासाला १२, हे प्रमाण योग्यच आहे. या बिअरचे अर्धेअधिक वैभव नाकातच कळते.

अशा गडद बेल्जियन बिअरला ‘डार्क एल’ म्हणतात, पण ‘डार्क’ हा शब्द इथे फसवतो. स्टाउट या बिअरचा काळेपणा करपवलेल्या जवातून येतो, म्हणून त्यात कॉफीचा कडवटपणा असतो. बेल्जियन एलचा गडद, तांबूस-तपकिरी रंग बहुतेक वेळा बिटाच्या साखरेच्या काळपट पाकातून येतो. दिसायला हा पाक थेट काकवीसारखा. म्हणूनच या एलमध्ये भाजक्या कॉफीचा ठसका लागला, तर परीक्षक गुण कापतो. त्याला हवे असतात काळ्या मनुका, सुके अंजीर, खजूर आणि हलकी कॅरमेलची छटा. या चवींची नावे मराठी माणसाला पुस्तकातून शिकावी लागत नाहीत. त्या घरच्या डब्यांत आहेत.

साखर घातली म्हणजे बिअर गोडमिट्ट होणार, असे वाटणे स्वाभाविक आहे. घडते उलटे. माल्टमधल्या काही शर्करा यीस्टला पचत नाहीत, त्या मागे राहतात आणि बिअरला जडपणा देतात. साधी साखर यीस्ट पुरती फस्त करते. मद्यार्क वाढतो, अंग हलके राहते. १० टक्क्यांची बिअर दुसऱ्या घोटासाठी बोलावते, ती या कोरड्या शेवटामुळेच. जी गोड चिकटपणा मागे ठेवते तिला, वास कितीही लोभस असला तरी, वरच्या श्रेणीत बसवू नये.

खरा कारागीर यीस्टच. पिकल्या केळ्याचा वास आयसोअमाइल ॲसिटेट या एस्टरचा, लवंगेसारखा वास एका फिनॉलचा, आणि दोन्ही यीस्टनेच घडवलेले. दोन्ही हवेत, पण एकाने दुसऱ्यावर कुरघोडी करता कामा नये. नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास आला तर आंबवण बिघडली समजावे. ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे हवा लागून बिअर शिळी झाली. रोशफोरच्या मठाची ‘१०’ तब्बल ११.३ टक्क्यांची, तरी ती घशाला जाळत नाही, छातीत फक्त ऊब उतरते. तीव्र बिअरला जोखायची याहून चांगली खूण नाही.

आपल्याकडे बिअर बर्फगार पिण्याची सवय आहे. या एलसाठी ती घातक. फार गार केली की वास दबतात आणि पन्नासातले बारा गुण प्यायच्या आधीच बुडतात. १० ते १४ अंश सेल्सिअस पुरे. रुंद तोंडाचा पेला घ्यावा, बाटली सावकाश तिरकी करावी, तळाचा यीस्टचा गाळ शेवटपर्यंत हलू देऊ नये. फेस दाट आणि टिकाऊ हवा. पहिला वास फेस ताजा असतानाच घ्यावा, कारण काही गंध क्षणात उडून जातात. शेवटचा घोट पेला थोडा कोमट झाल्यावर घ्यावा. मनुका-अंजिराची खोली तेव्हाच उलगडते.

राहिला वाटू की वेस्टव्हलेटरन हा प्रश्न. दुर्मीळ वस्तू हातात आली की जीभ आधीच कौल देऊन बसते, आणि अशा कौलाला किंमत नाही. म्हणून स्पर्धेत परीक्षकाला पेल्यावर फक्त क्रमांक दिसतो. नावे झाकल्यावर मठाच्या बिअरला वाटूची बिअर तोडीस तोड आहे, आणि जी सहज मिळते तिला कमी लेखणे हा अन्याय आहे. कधी दोन्ही बाटल्या हाती आल्या, तर ओतायचे काम दुसऱ्या कुणाला सांगा, गुण कागदावर लिहा, आणि मगच कोणता पेला कुणाचा ते विचारा.