यादीबाहेरचा हत्ती

उपविभागीय अधिकारी म्हणून काम करीत असताना एका सर्कशीच्या परवानगीची नस्ती माझ्यापुढे आली होती. पोलीस, अग्निशमन, वीज, नगरपालिका अशा सर्वांची नाहरकत प्रमाणपत्रे जोडलेली होती. सोबत येणाऱ्या तीन हत्तिणींविषयी मात्र मालकी प्रमाणपत्रांच्या छायाप्रतींपलीकडे एक ओळही नव्हती. मी स्वाक्षरी केली. दुसऱ्या दिवशी सहज तंबूच्या मागे गेलो, तर पुढचा व मागचा पाय साखळीने जखडलेली वृद्ध हत्तीण जागच्या जागी एकसारखी डुलत होती. ‘बँडची सवय आहे, साहेब,’ व्यवस्थापक कौतुकाने म्हणाला. असे डुलणे हे दीर्घकाळ बांधून ठेवलेल्या प्राण्याच्या मानसिक क्लेशाचे लक्षण असते, हे मला पुष्कळ नंतर एका पशुवैद्यकाकडून कळले.

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या अधिनियमातील कलम 22 अन्वये केंद्र शासनाने 1998 मध्ये अस्वल, माकड, वाघ, बिबट्या व सिंह यांचे खेळ करण्यास मनाई केली. सर्कसचालक न्यायालयात गेले. 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मनाई कायम ठेवली. 2011 मध्ये यादी नव्याने निघाली आणि तीत बैलाची भर पडली. हत्ती तेव्हाही बाहेरच राहिला. आदल्याच वर्षी शासनाने त्याला राष्ट्रीय वारसा प्राणी म्हणून घोषित केले होते!

हत्ती माणसाळलेला आहे, असा युक्तिवाद नेहमी केला जातो. परंतु घोडा वा बैल यांच्याप्रमाणे पिढ्यान्‌पिढ्या निवडक पैदाशीतून तो घडलेला नाही. त्याला वठणीवर आणलेले असते, इतकेच. दोन-तीन टनांचा देह छोट्याशा स्टुलावर तोलून धरण्यास तो केवळ केळ्यांच्या आमिषाने शिकतो, यावर विश्वास ठेवणे कठीण आहे. अंकुश उगाच हाती नसतो.

अर्थात केवळ यादीत नाव घालून भागणार नाही. वाघ-सिंहांवरील मनाई अमलात येऊ शकली, कारण बन्नेरघट्टा, वंडलूर, तिरुपती, विशाखापट्टणम अशा ठिकाणी त्यांच्यासाठी बचाव केंद्रे उभी राहिली. हत्तीचे तसे नाही. वन्यजीव अधिनियमातील 2022 च्या दुरुस्तीने मालकी प्रमाणपत्र असलेला हत्ती धार्मिक ‘किंवा अन्य कोणत्याही’ प्रयोजनासाठी हस्तांतरित करण्याची वाट खुली केली असून 2024 मध्ये त्याचे नियमही आले. तंबूतून सुटलेला हत्ती त्यामुळे मिरवणुकीत किंवा कोणाच्या अंगणात पुन्हा साखळीला बांधला जाऊ शकतो. म्हणून मनाईबरोबरच असे हत्ती केवळ वन विभागाच्या छावण्यांतच जातील, असे बंधन हवे. आणि माहुतालाही तेथेच वेतनावर घ्यावे. त्याला वगळून केलेली व्यवस्था हत्तीलाही मानवणार नाही.

हे होईतो जिल्हा स्तरावर एक गोष्ट आजही शक्य आहे : परवानगीपूर्वी शासकीय पशुवैद्यकाने प्रत्येक हत्तीचे पाय, सांधे व निवाऱ्याची जागा प्रत्यक्ष पाहून दिलेला अहवाल मागविणे. माझ्या त्या नस्तीत असा कागद मागण्यास कोणत्याही नियमाची आडकाठी नव्हती. मी मागितला नाही.