झाडपालाच ना, डॉक्टर?

जमैकात पक्ष्यांबरोबर गांजाची शेतीही पाहून आलेल्या एका रुग्णाने मला विचारलं, “झाडपालाच तो, अपाय कसला?” तिथला कायदा २०१५ मध्ये सैल झाला हे खरं. हृदय मात्र तेच राहतं. गांजातल्या टीएचसीने नाडी जलद होते. हृदयविकार असेल तर ते महागात पडू शकतं. कोवळ्या वयात भास-संशयाचा धोकाही वाढतो.

पक्षी पाहायला आपलं फणसाड आहे, कर्नाळा आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर चरसची पाकिटं वाहून आली होती. पुन्हा तसं काही दिसलं तर हात लावू नका, पोलिसांना कळवा.

आणि स्वतः ओढत असाल तर मला सांगा. रक्त पातळ करणाऱ्या काही गोळ्यांचा परिणाम त्याने वाढतो. मला डोस ठरवायचा असतो, तुमची तक्रार करायची नसते.